फटाक्यांची तयारी आत्तापासून: कुत्री, मांजरं, गोठा आणि गल्लीतले भूभू

पर्वतीपायथा (धागाकर्ती)

अनंत चतुर्दशी झाली, ढोलताशे गप्प झाले. आता लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण दीड महिना आहे, आणि घरात फटाक्यांना घाबरणारं जनावर असेल तर कामाचा काळ हाच. दरवर्षी धनत्रयोदशीला सगळ्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरतो, "आमचा टॉमी थरथरतोय, काय देऊ?" त्या दिवशी हातात फार थोडं उरलेलं असतं. म्हणून धागा आत्ताच काढतेय.

आमच्याकडे चिंगी आहे, गावठी, वय सात. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी जनावर कसं वागलं, त्यावरून दिवाळीचा अंदाज बांधता येतो. थरथरणं, पलंगाखाली घुसणं हे सगळ्यांनाच कळतं. पण ऊन नसताना धापा टाकणं, सारखे ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, लाळ गळणं, नेहमीच्या खाऊकडे ढुंकूनही न बघणं, हीसुद्धा भीतीचीच लक्षणं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. कुत्रं चिकनचा तुकडा नाकारत असेल तर त्या क्षणी त्याला काहीही शिकवता येणार नाही, फक्त आवाजापासून लांब नेता येईल.

सध्या आम्ही करतोय ते असं. फोनवर फटाक्यांचं रेकॉर्डिंग लावायचं, इतकं हळू की चिंगीचा कान हलेल पण ती उठणार नाही. आवाज आला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग खाऊ. उलटं केलंत तर खाऊ दिसला की आता धडाम होणार असं ती शिकेल. चार-पाच मिनिटांत बंद. ती निवांत असेल तरच पुढच्या वेळी आवाज एक रेघ वर. घाई केली तर सगळं मुसळ केरात. आणि एक लक्षात ठेवा, स्पीकरमधून सुतळी बॉम्बची जमिनीतून येणारी धडक येत नाही. त्यामुळे रेकॉर्डिंगला सरावलेलं कुत्रं खऱ्या बॉम्बलाही सरावेलच असं नाही. पण पाया तयार होतो.

दुसरं, जवळ घेतलं तर भीती वाढते हा समज आता सोडून द्या. भीती ही भावना आहे, नखरे नाहीत. कुरवाळल्याने ती "शिकली" जात नाही. मांडीत यायचं असेल तर येऊ द्या, लपायचं असेल तर लपू द्या. मात्र ओढून बाहेर काढू नका.

तिसरी गोष्ट फिरवण्याच्या वेळेची. इंटरनेटवरचे सगळे सल्ले म्हणतात, संध्याकाळी फटाके असतात तेव्हा सकाळी लवकर फिरवा. हा सल्ला आपल्याकडे पाळाल तर फसाल. नरकचतुर्दशीला पहाटे चार-साडेचारला पहिली आंघोळ उरकली की लोक माळ घेऊन खालीच उतरतात. त्या दिवशी उजाडून तास-दोन तास झाल्यावर एक आणि दुपारी एक अशा दोन फेऱ्या बऱ्या. शिवाय दिवाळी चार दिवसांची नसतेच. वसुबारसेला सुरू झालेलं तुळशीच्या लग्नापर्यंत आणि पुढे त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत तुटक तुटक चालूच राहतं. लोकांच्या घरचा आकाशकंदील उतरेपर्यंत मी सैल सोडत नाही.

तुमचे अनुभव लिहा. मांजरवाल्यांनी विशेषतः, मला त्यातलं काही कळत नाही.

---

मनीमाऊ_डोंबिवली

मांजरवाली हजर. आमच्या दोन.

मांजराची भीती लोकांना दिसत नाही, कारण ते आवाज न करता गायब होतं आणि आपण म्हणतो "छान झोपलंय". माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, मांजराला ६०,००० च्या पुढे. रॉकेट वर जाताना जी शीळ घालतं, तिच्यातलं बरंच काही फक्त मांजरालाच ऐकू येत असणार.

आमच्याकडे कपाटाचा खालचा कप्पा आठवडाभर आधीच रिकामा करतो. दार अर्धं उघडं, आत जुनी गोधडी आणि माझा एक न धुतलेला कुर्ता. ऐनवेळी नवी जागा दाखवून उपयोग नाही, ती त्यांना आधीच आपली वाटायला हवी. शी-शूचा मातीचा ट्रे आणि पाणी त्याच खोलीत. गॅलरीची जाळी आत्ताच तपासून घ्या. एरवी ज्या फटीकडे ढुंकून बघत नाहीत, त्यातून घाबरलेलं मांजर निघून जातं.

आणि दिवाळीच्या गुच्छांत लिली असते ती घरात आणूच नका. तिची पानं, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांना घातक आहे. झेंडू चालतो.

---

चाळकरी

सगळं वाचलं, पण आमची एकच खोली आणि स्वयंपाकघर. खिडकी थेट चौकात. "घराच्या मध्यभागी शांत खोली" कुठून आणू? कुत्रा लॅब्रॅडोर, त्यामुळे कपाटातही मावत नाही :)

---

पर्वतीपायथा

@चाळकरी, मोरीत. खरंच सांगते. खिडकी लहान, भिंती जाड, आणि बरीच कुत्री स्वतःहून तिथेच जाऊन बसतात. मोरी नको असेल तर जेवणाच्या टेबलावरून जमिनीपर्यंत दोन जाड गोधड्या टाकून खाली घर करा, एक बाजू उघडी. खिडकीला सतरंजी. घरातला दिवा चालू ठेवा, म्हणजे बाहेरचा लखलखाट कमी जाणवतो. पंखा पूर्ण वेगात, टीव्हीवर काहीतरी एकसुरी. आमच्याकडे बातम्या लावत नाही, त्यात फटाक्यांचीच दृश्यं आणि आवाज असतात.

---

ढोरांचाडॉक्टर

व्यवसायाने पशुवैद्य, त्यामुळे औषधांवर थोडं सविस्तर लिहितो. डोस लिहिणार नाही, विचारूही नका. वजन, वय, हृदय, यकृत, मूत्रपिंड बघितल्याशिवाय तो ठरत नाही.

आधी काय देऊ नये. "अ‍ॅविलची अर्धी गोळी" हा गल्लोगल्ली मिळणारा सल्ला आहे. ती ॲलर्जीची गोळी आहे, गुंगी आणते, भीती कमी करत नाही. त्याहून वाईट म्हणजे एसेप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध एकटंच देणं. जनावर लोळागोळा होऊन पडतं, मालक खूश होतो. आत मात्र त्याला सगळं ऐकू येत असतं, फक्त पळता येत नाही. काही कुत्र्यांत आवाजाची संवेदनशीलता उलट वाढते. घरातली माणसांची झोपेची गोळी तर अजिबात नको. तोंडाने दिलेल्या डायझेपाममुळे काही मांजरांचं यकृत निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

आता चालतं ते. ट्रॅझोडोन, गाबापेंटिन, काही वेळा अल्प्राझोलाम किंवा डेक्समेडेटोमिडीन. हे भीतीवर काम करतात. पण गोळ्या आवाज सुरू व्हायच्या तासभर-दोन तास आधी पोटात जायला हव्यात. थरथर सुरू झाल्यावर दिलेली गोळी अर्धीच लागू पडते. दुसरं, दिवाळीआधी एखाद्या शांत दिवशी चाचणी डोस द्यावाच. काही कुत्री गुंगायच्या ऐवजी बिथरतात, ते लक्ष्मीपूजनाच्या रात्री नऊला कळून उपयोग नाही. गाबापेंटिनचं माणसांसाठीचं पातळ औषध देऊ नका, त्यात कधीकधी झायलिटॉल नावाचा गोडवा असतो आणि तो कुत्र्यांना घातक आहे.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांनी १,२२५ कुत्रापालकांची पाहणी केली होती, ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्यक्ष फटाके वाजत असताना प्रत्येक आवाजानंतर खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी फरक पडल्याचं सांगितलं. डॉक्टरांच्या औषधांचा आकडा जवळपास तेवढाच. अंगाला घट्ट बसणाऱ्या जाकिटांचा ४४ टक्के. फेरोमोन (शांत करणाऱ्या गंधाचे स्प्रे वगैरे), वनौषधी, होमिओपॅथी, फुलांचे अर्क हे सगळं २७ ते ३५ टक्क्यांत, म्हणजे मनाची समजूत घातल्याने जितकं वाटेल तितकंच. ही मालकांची मतं आहेत, प्रयोगशाळेतलं मोजमाप नाही. पण दुकानात हजारो रुपये घालवण्याआधी चिकन उकडून बघा, एवढं त्यातून नक्की निघतं.

शेवटी एक. आठ-दहा वर्षांचं कुत्रं, जे आजवर फटाक्यांना घाबरत नव्हतं, ते यंदा अचानक घाबरायला लागलं असेल तर आधी सांधे तपासून घ्या. दुखणं आणि आवाजाची भीती यांचा संबंध असतो. दचकलं की स्नायू आखडतात, दुखतं, आणि आवाज म्हणजे दुखणं असं डोक्यात बसतं.

---

स्पष्टवक्ता

दर वर्षी हेच. दिवाळी आली की प्राणी आठवतात. वर्षातून चार दिवस मुलं फुलबाज्या उडवतात तेही बघवत नाही का? बाकी वेळी कुठे असतात हे प्राणिमित्र?

---

भूभूमावशी

@स्पष्टवक्ता, फुलबाजीबद्दल या धाग्यात कुणी चकार शब्द काढलेला नाही. पाऊस, भुईचक्र, फुलबाजी यांनी फार कमी जनावरं घाबरतात. प्रश्न सुतळी बॉम्ब आणि हजाराच्या माळेचा आहे. आणि बाकी वेळी म्हणाल तर एकतीस डिसेंबर, निवडणुकीचे निकाल, वरात, क्रिकेटची मॅच, सगळीकडे हेच रडगाणं गातो आम्ही. तुम्हाला दिवाळीचंच ऐकू येतं, त्याला काय करणार.

---

मनीमाऊ_डोंबिवली

+१. आणि कृपया धाग्याचा काश्मीर, म्हणजे न संपणारा वाद, करू नका, बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा आलाय.

---

कृष्णाकाठ

शहरातलं चाललंय ते ठीक, थोडं गोठ्याचंही लिहितो. सांगलीकडचा आहे.

वसुबारसेला गाय-वासराची पूजा करायची, पुरणाचा घास द्यायचा, आणि पोरांनी त्याच गोठ्याच्या भिंतीला टेकवून माळ लावायची. आमच्याकडे आता हे बंद केलंय. गाय बुजली की दावं तोडते. दाव्याला हिसका बसून मान, शिंग, पाय दुखावतात, आणि बुजलेली गाय पान्हा चोरते हे कुठल्याही गवळ्याला विचारा. गाभण जनावर घसरून पडलं तर काय होतं ते सांगायला नको.

आम्ही करतो ते साधं आहे. संध्याकाळची धार लवकर उरकायची. वैरण नेहमीपेक्षा जास्त टाकायची, खाण्यात तोंड गुंतलेलं असलं की दचकणं कमी. गोठ्यात दिवा चालू, आणि घरातलं एक ओळखीचं माणूस तिथे बाजेवर. जनावराला ओळखीच्या आवाजाचा फार आधार असतो. गोठ्याच्या दोनशे पावलांत फटाका नाही, हे पोरांना आधीच सांगायचं. आणि कडब्याची गंजी झाकून ठेवायची, कारण रॉकेट कुठे उतरेल हे त्यालाही माहीत नसतं. पाण्याचं पिंप भरून ठेवलेलं बरं.

पाडव्याला जनावरं सजवून गावातून फिरवतात, त्यांच्या अवतीभवती माळा लावणाऱ्यांना मात्र कसं समजवायचं ते मला अजून जमलेलं नाही.

---

लेस्टरकाकू

इथे इंग्लंडात, लेस्टरला, आमच्याकडे दुहेरी धमाका. बेलग्रेव्ह रोडची दिवाळी आणि ५ नोव्हेंबरची गाय फॉक्स नाईट (इंग्रजांची फटाक्यांची रात्र), दोन्ही बऱ्याचदा एकाच पंधरवड्यात. एरवी रात्री ११ नंतर फटाक्यांना बंदी. ५ नोव्हेंबरला १२ पर्यंत आणि दिवाळीच्या रात्री १ पर्यंत सवलत. घरगुती फटाक्याची आवाजाची कमाल मर्यादा १२० डेसिबल, आणि ती कमी करा म्हणून दरवर्षी इथलेही लोक ओरडत असतात. तेव्हा हा वाद फक्त आपल्याकडचा आहे असं समजू नका.

इटलीत पार्मा प्रांतात कोलेक्किओ नावाचं गाव आहे. तिथे २०१५ पासून कमी आवाजाचीच आतषबाजी करायची असा नियम आहे. आणि फार लांब कशाला, तामिळनाडूत शिवगंगा जिल्ह्यातल्या वेट्टंगुडी पक्षी अभयारण्याच्या कडेची गावं कित्येक वर्षं पाखरांसाठी फटाके वाजवत नाहीत. कुणी सक्ती केली म्हणून नव्हे.

अवांतर: नेपाळात नरकचतुर्दशीलाच कुत्र्यांची पूजा असते, कुकुर तिहार. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला टिळा. आमच्या शेजारच्या नेपाळी कुटुंबाचा कुत्रा त्या दिवशी आमच्या जावयापेक्षा जास्त मिरवतो.

---

बी_विंग_सेक्रेटरी

सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने दोन्हीकडून शिव्या खातो, त्यामुळे कायदा पाठ झालाय. लिहून ठेवा.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवायला मनाई. म्हणजे वर पर्वतीपायथा म्हणतात ते पहाटे साडेचारचे फटाके थेट बेकायदेशीर आहेत. पहिल्या आंघोळीला अपवाद नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात कधीच नाही. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या वर जाणारा फटाका बनवायला, विकायला, वाजवायला बंदी. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली आणि जोडलेल्या माळांवर बंदी घातली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही मुंबई परिसरासाठी हीच दोन तासांची वेळ ठेवली. तक्रारीला पोलिसांचा ११२.

"पण आमचे हिरवे फटाके आहेत" म्हणणाऱ्यांसाठी: नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने ते तयार केले ते मुख्यतः धूर कमी व्हावा म्हणून. ते मुके नाहीत. कुत्र्याच्या दृष्टीने धडाम ते धडामच.

कायद्यापेक्षा जागेची वाटणी जास्त कामाला येते. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, मोकळ्या जागेत. दोन इमारतींच्या मधल्या चौकात मात्र तो भिंतींवर आपटत वर चढतो. म्हणून आम्ही चौकात आवाजाचे फटाके बंद केले, मागच्या मोकळ्या प्लॉटवर जागा आखून दिली, वेळ ८ ते १०. पोरं खूश, कारण तिथे त्यांना ओरडायला कुणी येत नाही. विरोध झाला तो पोरांकडून नाही, त्यांच्या वडिलांकडून.

---

भूभूमावशी

गल्लीतल्या कुत्र्यांबद्दल कुणीतरी लिहील म्हणून थांबले होते, मीच लिहिते.

त्यांना बंद खोली नसते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती पळत सुटतात, आपली हद्द सोडून दुसऱ्यांच्या हद्दीत शिरतात, तिथली त्यांना फाडतात, नाहीतर रस्त्यावर गाडीखाली येतात. सेक्रेटरीकाका, तुमच्याकडे एकच मागणं: त्या रात्रींपुरतं पार्किंगचं फाटक अर्धं उघडं ठेवा आणि वॉचमनला काठी आपटू नका म्हणून सांगा. एका कोपऱ्यात गोणपाट आणि पाणी, बस. संध्याकाळी सहाच्या आत पोटभर खायला घातलं की ती एका जागी बसायची शक्यता वाढते. ओळखीच्या कुत्र्यांच्या गळ्यात फोन नंबर लिहिलेला कापडी पट्टा बांधा, दोन बोटं जातील इतका सैल.

शेपटीला माळ बांधणारी कार्टी दिसली तर व्हिडिओ काढा आणि पोलिसांत जा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. हो, पन्नास रुपये, वडापावच्या दोन प्लेटी. म्हणून जनावर मेलं किंवा अधू झालं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावायचा आग्रह धरा, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

भाजलं असेल तर वाहतं साधं पाणी, भरपूर वेळ. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट तर नकोच. सकाळी न फुटलेले फटाके आणि नागगोळ्या झाडून काढा, पिल्लं चावतात. गिळलं असेल तर मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका. खोकं सोबत घेऊन दवाखाना गाठा. आणि दिवाळीत कुठला दवाखाना उघडा असतो ते आत्ताच विचारून ठेवा, अर्धे डॉक्टर गावी गेलेले असतात.

---

ढोरांचाडॉक्टर

अर्धे कुठे, पाऊणच म्हणा :) बाकी सगळ्याला सहमत. एक जोड: घाबरलेलं कुत्रं मागे सरकून मानेतला पट्टा सहज काढतं. दिवाळीत छातीचा पट्टा वापरा, आणि फराळाची ताटं घेऊन पाहुणे यायच्या वेळी घरातसुद्धा दोरी लावून ठेवा. हरवलेली बरीच कुत्री रस्त्यावरून पळालेली नसतात, उघड्या दारातून निसटलेली असतात.

---

ससेहोलपट

माझ्याकडे ससा आहे आणि बहिणीकडे लव्हबर्ड्‌स. त्यांचं काय?

---

ढोरांचाडॉक्टर

ससा पळत नाही, गोठतो. भीतीने त्याची आतडी मंदावतात. बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत तर सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे न्या. ताजं गवत सतत समोर ठेवा. पक्ष्यांचा पिंजरा खिडकीपासून दूर, तीन बाजूंनी कापडाने झाकलेला, खोलीत मंद दिवा. पूर्ण अंधारात दचकले की पिंजऱ्यावर आपटून पंख मोडून घेतात. अगरबत्ती, धूप, फटाक्यांचा धूर त्या खोलीत नको, पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक. लव्हबर्ड्‌स आहेत ते ठीक. देशी पोपट असता तर पिंजऱ्याऐवजी १९७२ च्या वन्यजीव कायद्याबद्दल बोलावं लागलं असतं, तो पाळायला बंदी आहे.

---

चाळकरी

मोरीचा प्रयोग केला. काल समोरच्या मंडपात कुणाचा तरी वाढदिवस होता, फटाके होतेच. पठ्ठ्या स्वतःहून आत जाऊन बादलीशेजारी पसरला. आता घरातली बाकीची मंडळी विचारतायत, पहिल्या आंघोळीला आम्ही कुठे जायचं?

फराळातलं काय चालतं तेही सांगा. आमची आजी त्याला न देता स्वतः खातच नाही.

---

पर्वतीपायथा

@चाळकरी, आजींना सांगा: बेदाणे-मनुके घातलेला लाडू आणि चिवडा नको, कुत्र्याची मूत्रपिंडं जातात. चॉकलेट नको. लसणाची शेव, कांदा घातलेलं काही नको. शुगरफ्री मिठाई तर अजिबात नको, वर डॉक्टरांनी सांगितलेलं झायलिटॉल त्यात असू शकतं. चकली, शंकरपाळे विषारी नाहीत, पण एवढ्या तुपातेलाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. आजींच्या हातून द्यायचंच असेल तर साधे, बिनफोडणीचे पोहे आणि उकडलेलं अंडं द्यायला सांगा. फराळ दिल्याचं समाधान त्यांना, पोट ठीक त्याचं.

सेक्रेटरीकाका, तुमच्या नोटिशीचा मसुदा इथे टाकाल का? आमच्या सोसायटीची सभा रविवारी आहे.

---

बी_विंग_सेक्रेटरी

घ्या. नावं बदलून वापरा.

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, दीपावलीत आवाजाचे फटाके फक्त मागील मोकळ्या जागेत, रात्री ८ ते १० या वेळेतच वाजवावेत. दोन्ही इमारतींमधील चौकात फक्त फुलबाजी, पाऊस व भुईचक्र चालेल. जोडलेल्या माळांना परवानगी नाही. नरकचतुर्दशीस पहाटेही आवाजाचे फटाके वाजवू नयेत. आपल्या घरात आजारी, तान्हे अथवा घाबरणारे कुणी असल्यास (माणूस वा जनावर) कार्यालयात नोंद करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा उचलण्याची जबाबदारी फटाके वाजविणाऱ्यांची राहील."

शेवटच्या वाक्यावर सर्वांत जास्त भांडण होतं, तयारीनिशी जा.